कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहाला घरपण देणारे शिक्षणमहर्षी

दक्षिण महाराष्ट्राच्या मातीने जैन समाजाला जी नररत्ने दिली, त्यांत पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी आहे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु शाळा व महाविद्यालये यांच्याही आधी त्यांनी उभे केले ते वसतिगृह. खेड्यातील निर्धन मुलाला शहरात निवारा मिळावा, दोन वेळचे अन्न मिळावे, त्याच्या डोक्यावर मायेचा हात असावा आणि मगच त्याच्या हाती पुस्तक द्यावे, हा त्यांच्या कार्याचा क्रम होता. वसतिगृह चालविणे म्हणजे खोल्या बांधणे व खानावळ चालविणे एवढेच नव्हे, हे त्यांनी स्वतःच्या संसाराची आहुती देऊन दाखवून दिले. समाजातील अनेक विश्वस्त संस्था आजही विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवितात. त्यांच्या दृष्टीने या महापुरुषाचे चरित्र मार्गदर्शक ठरणारे आहे.

जन्म, कुळ आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी आजोळी झाला. श्रीक्षेत्र बाहुबलीच्या डोंगराजवळ वसलेले हे गाव जैन बांधवांना सुपरिचित आहे. त्यांचे मूळ घर सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे होते. शेती व पाटीलकी असलेले हे दिगंबर जैन घराणे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते व त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. घरातील वातावरण व्रतस्थ व आचारविचारांच्या बाबतीत कडक होते.

बाळ भाऊराव मात्र लहानपणापासून बंडखोर वृत्तीचा होता. अंगापिंडाने धिप्पाड, कुस्तीचा शौकीन आणि अन्याय दिसताच उसळून उठणारा असा हा मुलगा. अस्पृश्य समाजातील लोक तळपत्या उन्हात पाण्यासाठी विहिरीजवळ ताटकळत उभे आहेत आणि त्यांना कोणी पाणी वाढीत नाही, हे पाहून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. पुढील आयुष्यात या रागाला विधायक वळण लागले, पण त्याची धग अखेरपर्यंत कमी झाली नाही.

कोल्हापूरचे दिवस

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळी कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर बनत होते. बहुजन समाजातील मुले शिकावयाची तर प्रथम त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय केली पाहिजे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. जातिभेदाचा पगडा एवढा जबर होता की, सर्वांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न यशस्वी होईना. म्हणून महाराजांनी प्रत्येक समाजाला स्वतंत्र वसतिगृह काढण्यास जागा व साहाय्य दिले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरीणांनीही या संधीचा लाभ घेतला. १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंगप्रमाणेच जैन बोर्डिंगही सुरू झाले. खेड्यापाड्यांतील शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना या बोर्डिंगने प्रथमच उच्च शिक्षणाचा दरवाजा उघडून दिला, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय.

याच बोर्डिंगमध्ये भाऊरावांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग घडला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले होते. त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आल्याबद्दल स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास साफ नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ही घटना समाजाने झाकून ठेवावी अशी नाही. बोर्डिंगचे व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः सुधारणावादी, विद्वान व समाजहितदक्ष गृहस्थ होते. तरीही संस्था चालविताना पालक काय म्हणतील, देणगीदार काय म्हणतील, समाज काय म्हणेल, याचे दडपण चालकांवर असते. त्या दडपणाखाली नियम मोठा होतो आणि ज्याच्यासाठी वसतिगृह काढले तो विद्यार्थी लहान होतो. अहिंसेचा व जीवमात्राविषयी मैत्रीचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या छत्राखाली चाललेल्या घरातून एक मुलगा समतेच्या आग्रहामुळे बाहेर पडला. त्या मुलाने पुढे असे घर उभारले की, जेथून कोणालाही जातीमुळे बाहेर पडावे लागू नये.

शाहू महाराजांनी भाऊरावांना आपल्या वाड्यात आश्रय दिला. महाराजांचा उदार सहवास, सत्यशोधक समाजाचे विचार आणि कोल्हापूरच्या वसतिगृहांचे प्रत्यक्ष कार्य या तिहींचा खोल संस्कार त्यांच्या मनावर झाला. शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोहोचू शकले नाही. ज्यांनी पुढे हजारो मुलांना पदवीधर होण्याचा मार्ग मोकळा केला, त्यांच्या स्वतःच्या गाठी पदवी नव्हती.

कसोटीचा काळ

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात खाजगी शिकवण्या केल्या. पाटील मास्तर या नावाने ते लोकप्रिय झाले. त्याच सुमारास, १९१० साली, मित्रांच्या सहकार्याने त्यांनी दुधगाव येथे शिक्षण मंडळ व विद्यार्थी आश्रम सुरू केला. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र ठेवण्याचा त्यांचा हा पहिला प्रयोग.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला व भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दबाव आणण्यात आला. ज्या बोर्डिंगने आपल्याला बाहेर काढले त्याच बोर्डिंगच्या चालकाविरुद्ध खोटी साक्ष देणे सोपे होते आणि सूडही उगवला असता. भाऊरावांनी ते नाकारले. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला. यातना असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण असत्य वदले नाहीत. व्यक्तीविषयीचा राग आणि सत्याविषयीची निष्ठा यांची त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही. सत्य व अचौर्य ही व्रते श्रावकाच्या घरात रोज उच्चारली जातात, त्यांतील पहिल्याची एवढी कठोर परीक्षा फार थोड्यांना द्यावी लागते.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी ओगले काच कारखाना व किर्लोस्कर कारखाना यांचे विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही ते होते. कंदील आणि लोखंडी नांगर विकण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम करावा, त्याची भाकरी खावी आणि त्याची सुखदुःखे ऐकावी, असा त्यांचा शिरस्ता होता. कर्जाचे कागद वाचता न आल्यामुळे जमीन गमावणारी कुटुंबे त्यांनी पाहिली. हुशार असूनही गुरे वळणारी मुले पाहिली. गावात प्राथमिक शाळा असली तरी तिच्यापुढे शिकण्याची वाट नव्हती. हायस्कूल फक्त शहरात, आणि शहरात गरिबाच्या मुलाला राहण्यास जागा नाही. अस्पृश्य मुलाला तर भाड्यानेही खोली मिळत नसे. शिक्षणाच्या वाटेवरचा खरा अडसर कोठे आहे, हे त्यांना या भटकंतीत उमगले.

रयतेचे बीजारोपण

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गात शिक्षणाची आवड निर्माण करणे, गरिबांच्या मुलांना शक्यतो विनामूल्य शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत बंधुभाव वाढविणे, अनिष्ट रूढींना फाटा देऊन साधेपणा, काटकसर व स्वावलंबन यांची सवय लावणे, अशी तिची उद्दिष्टे होती. संस्थेने वटवृक्ष हे आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात व त्यांचेच नवे बुंधे होतात. संस्थेचे विद्यार्थी तिचेच आधारस्तंभ व्हावेत, ही भाऊरावांची अपेक्षा त्या चिन्हात सामावली होती आणि पुढे ती खरीही ठरली.

१९२४ साली संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. प्रारंभी ना स्वतःची इमारत होती, ना निधी. भाऊरावांचे राहते घर हेच वसतिगृह आणि त्यांची पत्नी हीच तेथील अन्नपूर्णा. मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, जैन, मुसलमान अशा नाना जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली, एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खाऊ लागली. त्या काळी ही गोष्ट किती धाडसाची होती, याची आज कल्पना येणे कठीण आहे. स्वतःच्या आप्तस्वकीयांचा व समाजातील अनेकांचा रोष पत्करून भाऊरावांनी हे पाऊल उचलले.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी साताऱ्यात या वसतिगृहास भेट दिली व त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले गुण्यागोविंदाने एकत्र नांदताना पाहून गांधीजींना अतीव समाधान वाटले. पुढे साताऱ्याच्या छत्रपतींच्या औदार्याने धनिणीची बाग येथील जागा वसतिगृहाला लाभली व विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली.

वहिनींचा त्याग

वसतिगृहाच्या या कहाणीत लक्ष्मीबाईंचे स्थान भाऊरावांच्या बरोबरीचे आहे. त्या कुंभोजच्या सधन जैन पाटील घराण्यातील कन्या. माहेरी सोवळेओवळे कडक, व्रतवैकल्ये नित्याची. विवाहानंतर त्यांच्या अंगावर माहेरचे भरपूर सोने होते. अशा संस्कारांत वाढलेल्या स्त्रीच्या घरात पतीने एके दिवशी अठरापगड जातींची मुले आणून बसविली. त्यांच्या मनाची प्रथम घालमेल झाली असल्यास त्यात नवल नाही. परंतु उपाशी मूल समोर उभे असताना त्याची जात विचारणे त्यांच्यातील मातेला जमले नाही. आपल्या धार्मिक श्रद्धेला धक्का न लावता त्यांनी अस्पृश्यतेचा मात्र त्याग केला. मुले त्यांना वहिनी म्हणत.

भाऊराव देणग्या व धान्य मिळविण्यासाठी सतत फिरतीवर असत. मागे वसतिगृहाचा सारा भार वहिनींवर असे. भाकऱ्या भाजणे, वाढणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे, नव्याने आलेल्या व घराच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे, ही कामे त्यांनी केली. कोठीतील धान्य संपले की एकेक दागिना बाजारात जाई. अखेर एक दिवस असा आला की, भाऊराव गावी नाहीत, कोठी रिकामी, मुले भुकेली आणि विकण्याजोगा एकही दागिना उरलेला नाही. तेव्हा वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले व मुलांच्या जेवणाची सोय केली. सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने याहून मोठा त्याग नाही.

१९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या वसतिगृहासाठी त्यांनी देह झिजविला त्याचा वटवृक्ष झालेला पाहणे त्यांच्या भाग्यात नव्हते. भाऊरावांनी हे दुःख गिळले व पुढचा सारा जन्म मुलांसाठी वाहिला. गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीचा शिष्यवृत्ती निधी आणि सोलापूर येथील महिला महाविद्यालय या रूपाने संस्थेने त्यांचे नाव जतन केले आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी चार दाने जैन शास्त्रकारांनी श्रेष्ठ मानली. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला सेवा, अज्ञानी बालकाला विद्या आणि समाजाने झिडकारलेल्याला निर्भय निवारा, अशी ही चारही दाने पाटील दाम्पत्याच्या त्या साध्या घरात नित्य घडत होती.

वसतिगृह कसे चाले

भाऊरावांच्या वसतिगृहाची घडी अत्यंत व्यवहारी होती. ज्याच्या घरी पिकते त्याने धान्य आणावे. ज्याच्या घरी काहीच नाही त्याने श्रम करावे. दोघांनी एकाच पंगतीत जेवावे. सुगीच्या दिवसांत भाऊराव व त्यांचे सहकारी खळ्याखळ्यांवर जाऊन धान्य गोळा करीत. घरोघरीच्या गृहिणी दळताकांडताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढीत. या मुष्टिफंडातून दोन गोष्टी साधल्या. कोठी भरली, आणि ज्या बाईने मूठभर जोंधळा दिला तिला ते वसतिगृह आपले वाटू लागले. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीने संस्था उभी राहते, परंतु हजारो घरांच्या मुठीने ती लोकांची होते, हे मर्म त्यांनी जाणले होते.

वसतिगृहात स्वयंपाकी, गडी, झाडूवाला असा लवाजमा नव्हता. पहाटे उठून प्रार्थना, व्यायाम व परिसराची स्वच्छता झाल्यावर मुले पाळीपाळीने दळण, स्वयंपाक व वाढण्याचे काम करीत. आपले कपडे आपणच धुवीत. शाळेच्या वेळेबाहेर शेतीचे काम, विहीर खणणे, दगड फोडणे, बांधकामाला हातभार लावणे हे असेच. साताऱ्याच्या परिसरातील खडकाळ माळ या मुलांच्या घामाने हिरवा झाला. कोणत्याही जातीच्या मुलाला कोणत्याही कामातून सूट नव्हती. पाटलाच्या मुलाने झाडू घ्यावा आणि अस्पृश्य मुलाने पंगतीत वाढावे, हा तेथील रोजचा परिपाठ होता. समतेवर व्याख्याने देण्यापेक्षा ती कामाच्या वाटणीत आणली की मुलांच्या अंगवळणी पडते, ही त्यांची पद्धत.

श्रमाच्या या आग्रहामागे आर्थिक अडचण होती तशी जीवनदृष्टीही होती. फुकट मिळालेल्या अन्नाने मूल मिंधे होते, कमावलेल्या अन्नाने ते ताठ मानेने उभे राहते, असा त्यांचा विश्वास होता. शिकलेला मुलगा शेतीला व आईबापांना तुच्छ लेखू लागतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून पुस्तकाबरोबर कुदळ त्यांनी कधी सुटू दिली नाही. यातूनच कमवा आणि शिका ही सुप्रसिद्ध योजना आकारास आली. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे या तत्त्वावर चालणारे, विनामूल्य शिक्षण देणारे निवासी विद्यालय होय.

भाऊरावांची शिस्त कडक होती. आळस, खोटेपणा व उधळपट्टी त्यांना खपत नसे. त्यांचा संताप मोठा व आवाज त्याहून मोठा. चुकलेल्या मुलाला त्यांचा धाक वाटे. पण तोच मुलगा तापाने फणफणला की अण्णा रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत. हुशार मुलाला पुढे शिकविण्यासाठी ते कर्ज काढीत, श्रीमंतांचे उंबरठे झिजवीत. विद्यार्थ्याची फी भरण्यासाठी याचना करताना त्यांना संकोच वाटला नाही. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी हात पसरला नाही. खादीची जाडीभरडी वस्त्रे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अनवाणी पाय व छातीवर रुळणारी पांढरी दाढी, हे त्यांचे रूप उभ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे होते. अपरिग्रहाचे व्रत त्यांनी शब्दांत सांगितले नाही, ते आचरणात आणले.

विस्तार आणि वादळे

१९३२ साली येरवड्यात पुणे करार झाला. त्या ऐक्याचे स्मरण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. वसतिगृहातील मुले शिकून बाहेर पडली की त्यांतील कित्येकांना शिक्षक करावे व त्यांना शाळा नसलेल्या गावी धाडावे, असा त्यांचा विचार होता. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आल्यानंतर सरकारने खाजगी प्राथमिक शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा लाभ घेऊन भाऊरावांनी डोंगराळ व दुर्गम खेड्यांत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले. देवळात, चावडीत, झाडाखाली, जागा मिळेल तेथे शाळा भरू लागली.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले व १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करण्यात आली असता भाऊरावांनी ती तत्काळ नाकारल्याचे सर्वश्रुत आहे. पैशाची निकड असतानाही देणगीदाराच्या अटीपुढे संस्थेचे ध्येय वाकवायचे नाही, हा धडा त्यांनी घालून दिला.

वादळेही आली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात, १९४८ साली, सरकारशी झालेल्या मतभेदांतून संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार व हजारो मुलांचे भवितव्य टांगणीला लागले. त्या वेळी लोक पुढे सरसावले. गाडगे महाराजांनी भाऊरावांची बाजू उचलून धरली. पुढे सरकारनेही अनुदान पूर्ववत केले. ज्या घरांनी मूठभर धान्य दिले होते त्यांनीच संकटकाळी संस्था सावरली. मुष्टिफंडाचे खरे मोल त्या दिवसांत कळून आले.

भाऊरावांच्या हयातीत ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक विद्यालये, ६ अध्यापन विद्यालये व ३ महाविद्यालये एवढा मोठा पसारा उभा राहिला. परंतु त्यांचे खरे धन म्हणजे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या छायेत वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, संस्थेच्या सेवेत परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी भूषविले. अशी कित्येक मुले शिक्षक, अधिकारी, वकील व कार्यकर्ते झाली. पारंबी जमिनीत रुजून बुंधा होते ती अशी.

अखेरचे पर्व

जनतेने त्यांना कर्मवीर ही पदवी प्रेमाने बहाल केली. भारत सरकारने १९५९ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. पदवी अर्पण केली. मॅट्रिकचा उंबरठाही न ओलांडलेल्या या शिक्षणमहर्षीच्या कार्यापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. दीर्घ आजारानंतर ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात, आपल्या लाडक्या वसतिगृहाच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे. १९८८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शताब्दी साजरी केली.

उपसंहार

भाऊरावांच्या जीवनात दोन वसतिगृहे आहेत. एकाने त्यांना विद्या दिली व एका नियमासाठी बाहेर काढले. दुसरे त्यांनी स्वतः उभारले. पहिल्याविषयी त्यांनी मनात आकस धरला नाही, उलट त्याच्या चालकासाठी तुरुंगवास सोसला. परंतु त्या प्रसंगातून जो बोध घ्यावयाचा तो त्यांनी आयुष्यभर जपला. वसतिगृहातील प्रत्येक नियम मुलाला मोठे करण्यासाठी असावा. जो नियम मुलाला हिणवितो तो कितीही जुना असला तरी टाकून द्यावा.

समाजाच्या संस्था पन्नास वर्षांची मजल गाठतात तेव्हा इमारती, ठेवी व देणगीदारांच्या नामावलीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. कर्मवीरांच्या चरित्राची कसोटी त्याहून निराळी आहे. रात्री उशिरा दारात आलेल्या अनोळखी, गरीब मुलाला जेवू घालून झोपण्यास जागा मिळते का? त्याच्या आजारपणात कोणी उशाशी बसते का? शिकून मोठा झाल्यावर तो पुन्हा त्या दारी येतो का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते वसतिगृह खऱ्या अर्थाने घर झाले असे समजावे.

जैन कुळात जन्म घेऊन साऱ्या रयतेचे झालेल्या या थोर कर्मयोग्यास, आणि त्यांच्याइतक्याच थोर लक्ष्मीबाईंना, विनम्र अभिवादन.